आजोबांचं काविळीचं औषध आणि नातीचा प्रबंध

पत्राचा सारांश: दक्षिण कोकणातल्या एका खेड्यातली मुलगी सध्या बाहेरगावी राहून एम. फार्म. करते आहे. तिचे आजोबा काविळीवर गावठी औषध देतात. पणजोबांपासून चालत आलेली ही गोष्ट आहे. रविवारी आणि बुधवारी उजाडायच्या आत पाला आणायचा, वाटून रस काढायचा आणि ताकातून अनशापोटी द्यायचा. असं तीन वेळा. तेल, तिखट, मासळी बंद. पैसे घेत नाहीत. कुणी नारळ आणला तर देवापुढे ठेवतात. तान्ह्या बाळांना मात्र ते औषध देत नाहीत, दवाखान्यात न्यायला सांगतात. कॉलेजमधले मार्गदर्शक म्हणतात, 'याच वनस्पतीवर प्रबंध कर, उंदरांवर प्रयोग कर, चांगला पेपर होईल.' आजोबा म्हणतात, 'नाव सांगितलं की गुण जातो.' लहानपणी पाला आणायला हीच जात असल्यामुळे वनस्पती तिला ठाऊक आहे. न विचारताही काम करता येईल. त्यातच गेल्या लावणीच्या दिवसांत शेजारच्या वाडीतला एक तरुण ताप आणि पिवळे डोळे घेऊन आला, औषध घेऊन गेला, आणि पुढे लघवी बंद झाल्यामुळे त्याला जिल्ह्याच्या गावी न्यावं लागलं. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला. डायलिसिस करून तो वाचला. तेव्हापासून वडील म्हणतात 'बंद करा', आजी म्हणते 'एवढ्या लोकांना गुण आला तो काय खोटा?', आणि आजोबा काहीच बोलत नाहीत. लोक मात्र येतच आहेत. ती विचारते: 'हे औषध खरं की खोटं, ते मी प्रयोगशाळेत सिद्ध करू का? खरं ठरलं तर कंपन्या उचलतील. खोटं ठरलं तर आजोबांना काय तोंड दाखवू?'

नमस्कार.

पत्रात तुम्ही वनस्पतीचं नाव लिहिलेलं नाही, गावाचंही नाही. ते जाणूनबुजून केलं असणार, आणि योग्यच केलंत.

औषध खरं की खोटं, हा तुमचा प्रश्न मला थोडा बाजूला ठेवू द्या. त्यामागे एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: आजोबांकडे जे काही मोलाचं आहे, ते त्या पाल्यात आहे. मला तसं वाटत नाही. पंचक्रोशीतला डोळे पिवळे झालेला माणूस आरोग्य केंद्राच्या आधी तुमच्या पडवीत येतो, ही त्याहून मोठी गोष्ट आहे. सरकारी यंत्रणेला इतक्या लवकर रुग्ण दिसतच नाही. तुमच्या आजोबांना दिसतो.

आता त्या तरुणाबद्दल. त्याच्या बाबतीत औषध फसलं असं घरात सगळे धरून चाललेले दिसतात. फसली ती ओळख. कावीळ म्हणजे रक्तात बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य साचल्याची खूण, आणि ते साचायला कारणं अनेक. दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई, रक्तातून येणारे बी आणि सी, दारू, पित्ताशयातला खडा नळीत अडकणं, स्वादुपिंडाचा कर्करोग, क्षयरोगाच्या गोळ्यांचा यकृतावर झालेला परिणाम, मलेरिया, आणि तुमच्याकडे भातलावणीच्या चिखलात उंदरांच्या, गुरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस. या सगळ्यांवर एकच पाला चालेल असं आजोबांनाही वाटत नसावं, नाहीतर त्यांनी तान्ह्या बाळांना परत पाठवलं नसतं. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. आजोबांना हे कुणी पुस्तकातून सांगितलेलं नसेल, पण कुठेतरी, कधीतरी काही पाहून त्यांनी तो नियम केला आहे. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, कारण ती चुकीचं काही सांगत नाही. लोकांना गुण येतो. पावसाळ्यातली कावीळ बहुतेक वेळा ए किंवा ई विषाणूची असते, आणि बहुतांश रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. पाला घेतला तरी आणि न घेतला तरी. त्यातून माणूस औषधाला येतो तो डोळे चांगले पिवळे झाल्यावर, म्हणजे आजार भरात असताना. तिथून पुढे उतारच असतो. बरा झालेला नारळ घेऊन परत येतो. न झालेला येत नाही. तो कुठे गेला, हे पडवीत बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नसतो. हे आजोबांचंच होतं असं समजू नका. खासगी दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांचंही नेमकं हेच होतं, फक्त त्याचे पैसे पडतात.

म्हणून अशा औषधाची परीक्षा घेणं अवघड. भुईआवळीचं उदाहरण तुम्हाला अभ्यासात आलंच असेल. 1988 साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले: हिपॅटायटिस बी च्या वाहकांना (विषाणू अंगात बाळगून असलेल्यांना) भुईआवळीची पूड दिली, तर 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठ-प्रतिजन, म्हणजे तो अंगात असल्याची खूण, नाहीसं झालं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या 23 जणांत फक्त एकाच्या. बी विषाणूच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले बारूक ब्लुमबर्ग त्या पेपरचे सहलेखक होते. जगभर खळबळ उडाली. मग थायलंडमध्ये आणि इतरत्र पुन्हा करून पाहिलं, तर तसा परिणाम मिळाला नाही. वनस्पतीची जात वेगळी होती का, माती, मात्रा? वाद बरीच वर्षं चालला, आणि भुईआवळी काही बी वरचं मान्य औषध झाली नाही. शिवाय हे सगळं वाहकांबद्दल, पावसाळी काविळीबद्दल नव्हेच. नोबेलवाल्यांच्या साथीने निघालेला निष्कर्ष जिथे टिकला नाही, तिथे एका वर्षाच्या प्रबंधात खरं-खोटं ठरेल ही अपेक्षा तुम्ही स्वतःकडून करू नका.

तुमच्या मार्गदर्शकांचा आराखडा मला न विचारता सांगता येईल. पाला वाळवायचा, सॉक्सलेट या उपकरणात मिथेनॉलने अर्क काढायचा, पांढऱ्या उंदरांना कार्बन टेट्राक्लोराईड किंवा पॅरासिटामॉल देऊन त्यांचं यकृत बिघडवायचं, तुलनेला सायलीमरीन हे यकृतासाठीचं औषध ठेवायचं आणि एंझाइम मोजायचे. अशा प्रबंधांचे ढीग आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतीने उंदराचं यकृत वाचवलेलं आहे! या विषाची इजा ऑक्सिडीकरणातून होते, त्यामुळे अँटिऑक्सिडंट असलेलं बरंच काही तिथे उपयोगी ठरतं. विषाणूने सुजलेल्या माणसाच्या यकृताबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही. आणि मिथेनॉलचा अर्क हे आजोबांचं औषध नव्हेच. ते ताज्या पाल्याचा रस, ताकातून, न तापवता देतात. कृतीने किती फरक पडतो ते चीनच्या तू यूयू यांच्या कामात दिसलं. मलेरियावरच्या वनस्पतीचा अर्क गरम करून काढला की निकाल हाती लागेना. चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात ती वनस्पती थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. 2015 चं नोबेल त्यासाठी.

मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे, की प्रयोगशाळेच्या आधी वही.

याला आपल्याकडे चांगला दाखला आहे. सर्पगंधा रक्तदाबावर चालते हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं, ते 50 रुग्णांच्या नोंदींवर. त्यातलं मुख्य द्रव्य, रेसरपिन, वेगळं काढलं गेलं ते नंतर, 1952 मध्ये. आधी माणसं नीट पाहिली गेली, मग रसायन. पुढे त्या औषधाने काही जणांना खोल नैराश्य येतं हेही रुग्णांच्याच नोंदींतून लक्षात आलं.

तुमची वही साधी असू दे. तारीख, वय, वाडी, डोळे पिवळे होऊन किती दिवस झाले, ताप अजून आहे का, पाणी कुठलं पितात, आधीपासून कुठल्या गोळ्या चालू आहेत, बाई असेल तर दिवस गेलेत का. आणि शेवटी एक रकाना जो आजवर कुणीच भरलेला नाही: पंधरा दिवसांनी आणि महिन्याने फोन करून, माणूस कसा आहे. नारळ घेऊन न येणारे त्या रकान्यात सापडतील. हे प्रबंधात किंवा कुठेही छापायचं असेल तर कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी आणि प्रत्येक रुग्णाची संमती आधी घ्यावी लागेल, नंतर नव्हे. नुसतं घरातल्या शहाणपणासाठी असेल तर नावाऐवजी क्रमांक लिहा आणि वही कुणाच्या हाती देऊ नका.

वहीचा दुसरा उपयोग तुमच्या मनात आला नसेल. एकाच वाडीतले चार-पाच जण पंधरवड्यात आले, तर ती विहिरीची बातमी आहे. दिल्लीत 1955-56 साली सांडपाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. तो ई विषाणू होता हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. तुमच्या वाडीत आशा ताईला किंवा आरोग्यसेविकेला एक फोन गेला तर जलसुरक्षक येऊन ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहणारी चाचणी) करील, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडेल, पाणी उकळून प्यायला सांगितलं जाईल. यात आजोबांच्या औषधाचं नावही निघत नाही. (पथ्याच्या यादीत आणखी एक गोष्ट घाला: काविळीच्या माणसाला रस्त्याकडेचा, बर्फ घातलेला उसाचा रस नको. कावीळ झाली म्हणून आवर्जून पाजतात तो रस, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा ते कुणालाच ठाऊक नसतं. आणि उपासमार तर मुळीच नको. भूक लागेल तेवढं घरचं जेवू द्या.)

आता सगळ्यात निकडीचं, या पावसाळ्याच्या आत करायचं. आजोबा बाळांना परत पाठवतात, तशी आणखी काही माणसं त्यांनी पायरीवरूनच दवाखान्यात पाठवायला हवीत. गरोदर बाई, कितवाही महिना असो: शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरातल्या वीस ते पंचवीस बायका दगावू शकतात. डोळे पिवळे झाल्यावरही ताप चालूच आहे असा माणूस; साध्या विषाणूच्या काविळीत तोवर ताप बहुधा उतरलेला असतो. त्यात पोटऱ्या दुखत असतील, डोळे लालही असतील, शेतात राबणारा असेल, लघवी कमी झाली असेल तर लेप्टो समजून त्याच दिवशी हलवायचं. लेप्टोवरचं डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक स्वस्त आहे. लवकर पोचलं तर काम करतं. असंबद्ध बोलणारा, दिवसा झोपणारा नि रात्री जागणारा, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणारा, पोटात काही न ठरणारा, पोट फुगलेला. शौचाला पांढरट होऊन अंगाला खाज सुटणारा. क्षयरोगाच्या गोळ्या चालू असणारा. रोज दारू पिणारा. आणि दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा वाढतोच आहे असा कुणीही. बाकीच्यांनाही आजोबांनी एवढं सांगावं, की रक्ताची तपासणी करून या, यकृताची आणि पीटी-आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची). यकृत खरोखर थकलं आहे का, हे पिवळेपणापेक्षा त्या आयएनआरवरून लवकर कळतं.

हे आजोबांना कसं सांगायचं? औषधापासून सुरुवात करू नका. 'तुम्ही कुणाला औषध देत नाही, आणि का?' एवढंच विचारा, नि ऐका. मला खात्री आहे की बाळांशिवायही त्यांची काही यादी असेल. तिच्यात लावणीच्या दिवसांतला तापवाला त्यांच्याच तोंडून घातला जाईल, तुम्हाला घालावा लागणार नाही. 'सांगितलं की गुण जातो' यावर वाद घालायचं कारण नाही. कुणाला औषध द्यायचं नाही हे सांगितल्याने कसलाही गुण जात नाही.

त्यांना न विचारता त्या वनस्पतीवर काम करण्याचा विचार मात्र सोडा. पाला कुठे मिळतो हे तुम्हाला नात म्हणून कळलं, संशोधक म्हणून नव्हे. आणि एकदा छापून आलेलं नाव परत घेता येत नाही.

कंपन्यांची भीती रास्त आहे, पण गुप्तता हा त्यावरचा कच्चा उपाय आहे. हळदीचं अमेरिकी पेटंट 1995 मध्ये दिलं गेलं आणि 1997 मध्ये रद्द झालं ते डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि नियतकालिकांतले छापील पुरावे पुढे ठेवले म्हणून. आपल्या पेटंट कायद्यात कलम 3 (पी) नुसार पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत गावातल्या जाणकार वैदूंची नोंद होते. तिथे आजोबांचं नाव लागू शकतं, कृती न देताही. पुढेमागे कुणी संस्था आलीच, तर केरळच्या काणी आदिवासींचं उदाहरण तिच्यापुढे ठेवा. 1987 मध्ये अगस्त्य डोंगरांत वाटाड्या म्हणून गेलेल्या काणींकडून शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा ही वनस्पती कळली, तिच्यापासून 'जीवनी' हे औषध झालं, आणि परवान्याच्या दहा लाखांतला नि दोन टक्के स्वामित्वधनातला निम्मा वाटा काणींच्या विश्वस्त निधीला मिळायचं ठरलं. पुढे कच्चा माल गोळा करण्यावरून वनखात्याशी खटके उडाले, त्यामुळे गोष्ट पूर्ण गोड नाही. पण करार आधी झाला होता.

आणि झाडाचाही विचार करा. नंदुरबारचे मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी 1966 मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरचं द्रव्य काढलं. तेच आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात आहे हे पुढे कळलं आणि नरक्याच्या बेसुमार तोडीला सुरुवात झाली. आजोबांची वनस्पती नुसता पाला खुडून मिळते की मुळासकट उपटावी लागते, बांधावर भरपूर उगवते की एकाच पऱ्याकाठी, यावर ती जाहीर करण्याचा धोका ठरेल.

मार्गदर्शकांना नाही कसं म्हणायचं, ही तुमची खरी अडचण असणार. रिकाम्या हाताने जाऊ नका, दुसरा विषय घेऊन जा. काष्ठौषधीच्या दुकानांत 'भुईआवळी' म्हणून विकलं जातं त्यात फायलँथसच्या सारख्या दिसणाऱ्या जातींपैकी अमॅरस किती, डेबिलिस किती, युरिनेरिया किती, ते तपासा. नमुने विकत घ्यायचे, पुण्याच्या आघारकर संस्थेत किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात ओळख पक्की करून घ्यायची, मग सूक्ष्मदर्शक आणि टीएलसी (द्रव्यं वेगळी करून पाहण्याची साधी पद्धत). उंदीर नकोत, कुणाचं गुपित नको, आणि काम लोकांच्या उपयोगाचं. ओळखीला किती महत्त्व आहे ते गुळवेलीने दाखवलं. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की घेतली ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेलं नाही. काढा पिऊन संपलेला, नमुना कुणी ठेवलेला नाही. मग वाद मिटणार कसा?

तुमच्या वडिलांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. नोंदणी नसताना वैद्यकी करता येत नाही, हे केरळच्या पारंपरिक वैद्यांच्या खटल्यात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे, आणि पैसे घेत नाही म्हणून जबाबदारी टळते असंही नाही. पण उद्या दार लावलं तर रविवारचे लोक आरोग्य केंद्रात जातील असं मला वाटत नाही. ते पलीकडच्या गावात जातील, जिथे बाळांनाही परत पाठवत नसतील. वडिलांना म्हणा, एक पावसाळा असा जाऊ दे: आधी रक्ततपासणीचा कागद, मग पाला, आणि वर सांगितलेल्यांपैकी कुणालाही पाला नाहीच. आजोबा याला तयार झाले नाहीत, तर मात्र मी वडिलांच्या बाजूने आहे, आणि हे तुम्ही आजोबांना सांगितलंत तरी चालेल.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी कुणी असं औषध घेत असेल, त्यांनी दवाखान्यात गेल्यावर ते लपवू नये. डॉक्टर रागावतील, रागावू द्या. पाल्याची एक डहाळी, काढ्याची उरलेली पूड, जे हाताशी असेल ते वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत न्या आणि कधीपासून, किती घेतलं ते सांगा. चालू असलेल्या क्षयरोगाच्या किंवा इतर गोळ्या मनाने बंद करू नका; पिवळेपणा दिसला की त्याच दिवशी, जिथून गोळ्या मिळतात तिथे जाऊन दाखवा.